एकसष्ट माद्या

"काय धरायल्यात, बाई? हितं मासे न्हाईत."

बारवेच्या शेवटच्या पायरीवर उकिडवी बसून मी रेशमी कापडाची नरसाळ्यासारखी जाळी पाण्यातून ओढत होते. आवाज वरून आला. मान वर केली तेव्हा काठावर एक उंच, सडसडीत बाई उभी दिसली. पन्नाशीची असावी. डोक्यावर एक घागर, कमरेवर दुसरी, आणि दोन्ही भरलेल्या. भरलेल्या घागरी घेऊन कोणी विहिरीवर येत नाही, एवढे माझ्या लक्षात आले. त्याचा अर्थ लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"मासे नाही, सायक्लॉप्स," मी म्हटले. "पाण्यातला किडा आहे. खसखशीच्या दाण्याएवढा."

"नारूचा?"

"नारू ज्याच्या पोटातून माणसाच्या पोटात जातो, तो."

"मंग त्योच की."

माझ्याबरोबर आलेले आरोग्य सेवक रज्जाक शेख दोन पायऱ्या वर बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. ते हसले. "सुंदराकाकू, मॅडम विद्यापीठातनं आल्यात. किड्याची जात कोणती ते बघणार आहेत."

"किड्याला बी जात? गावाला हायेत तेवढ्या पुरंनात व्हय?"

ही १९८४च्या चैत्रातली गोष्ट आहे. लिंबदरा हे बालाघाटच्या रांगेतले साठ-सत्तर उंबऱ्यांचे गाव. पिण्याचे पाणी एकच, या पायऱ्यांच्या विहिरीचे. नारू झालेला माणूस पायाची आग शमवण्यासाठी पाण्यात पाय सोडतो. फोड फुटतो, आतली मादी हजारो पिल्ले पाण्यात टाकते. सायक्लॉप्स ती पिल्ले गिळतो. चौदा दिवसांत ती त्याच्या पोटात तयार होतात. मग ते पाणी कोणी न गाळता प्याले, की साधारण वर्षाने त्याच्या पायातून हातभर लांब, दोऱ्यासारखा जंत बाहेर येऊ लागतो. मधल्या वर्षभरात काहीही दिसत नाही. रक्त तपासून कळत नाही आणि औषध अस्तित्वात नाही.

आमच्या प्राणिशास्त्र विभागाकडे या साखळीतला एक छोटा तुकडा होता. त्या भागातल्या बारवांत सायक्लॉप्सच्या दोन जाती सापडत. पूर्ण वाढलेली केसाची मादी थोडी मोठी, एवढे सोडले तर नुसत्या डोळ्यांना दोन्ही पांढरे ठिपके, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही सारख्याच. एकीच्या शेपटीच्या दोन काट्यांना आतल्या कडेने बारीक केसांची रांग असे, दुसरीच्या काट्यांना ती नसे. लॅटिन नावे दर काही वर्षांनी बदलत, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही त्यांना केसाळ आणि गुळगुळीत म्हणत असू. आमच्या बरण्यांत केसाळ जात नारूची पिल्ले हावरटासारखी गिळायची, गुळगुळीत जात त्यांना तोंड लावत नसे. बरण्यांतले बारवेतही खरे ठरते का, हे त्या वर्षीच्या नमुन्यांवरून पाहायचे होते. तोवर नियम असा की जिथे केसाळ सापडेल तिथे आधी पाण्यात सायक्लॉप्स मारायचे औषध टाकायचे. औषध थोडे होते आणि बारवा पुष्कळ.

सुंदराबाई ढाकणे खाली आल्या नाहीत. घागरी काठावर टेकवून, त्यांना पाठ लावून बसल्या.

"पाणी कुठून आणलंत?" मी विचारले.

"तांड्याच्या हापशाचं. दोन मैल. उतरायचं सोपं हाय, चढायचं न्हाई."

"आणि बारव इथे असताना?"

उत्तर रज्जाकभाईंनी दिले. काकूंची सून विमल गोदाकाठच्या गावची. तिकडे नळ आहे, नारू नाही. मुलगी द्यायला तिची आई तयार नव्हती. शेवटी काकूंनी विहिणीला शब्द दिला की लेकीला बारवेचा एक थेंब पाजणार नाही. मुलगा ऊसतोडीला गेलेला. सुनेला पाचवा महिना.

"सात काढलेत म्या माझ्या अंगातनं," सुंदराबाई म्हणाल्या, आणि नऊवारीचा काठ वर घेऊन नडगीवरचे पांढरे डाग दाखवले. "एक गुडघ्याजवळ तुटला, तवापास्नं गुडघा पुरा वळत न्हाई. आता दोन खेपा जमंनात. तुमची ती जात बघून झाली, की मला एवढंच सांगा: सुनंनं हे पानी प्यावं का न्हाई. हो का न्हाई. दुसरं काय नगं."

"बघून सांगते," मी म्हटले.

"मागच्या शनवारीच उपसलीय सगळी बारव. मेसाईच्या यात्रंला दरसाल उपसतो, घरटी एक मानूस. बुडाचा गाळ बी काढला. तुम्हाला किडा घावंल का न्हाई, मला डाउट हाय."

मी जाळीच्या तळाची बाटली उजेडात धरली. पांढरे ठिपके झटके देत वरखाली करत होते. शंभरांनी होते.

"घावला," मी म्हटले.

*

गद्रे सरांकडे मी चार वर्षे शिकले. त्यांचा एक नियम होता: जात सांगायची ती पूर्ण वाढलेल्या मादीवरून. नर लहान असतात, त्यांची लक्षणे फसवी. सायक्लॉप्सच्या पिल्लांच्या काट्यांना केस फुटलेलेच नसतात, तेव्हा दोन्ही जातींची पिल्ले हुबेहूब दिसतात. ज्यावरून सांगता येत नाही त्यावरून सांगायचे नाही. हे वाक्य सरांनी कुठे लिहून लावले नव्हते. त्याची गरज नव्हती.

लिंबदऱ्याच्या नमुन्यात एकसष्ट पूर्ण वाढलेल्या माद्या निघाल्या. प्रत्येक मादी ग्लिसरिनच्या थेंबात घेऊन, दोन सुयांनी शेपटी सोडवून, काचपट्टीवर पसरायची आणि मोठ्या भिंगाखाली काट्याची आतली कड पाहायची. एका मादीला वीस मिनिटे. चार दिवस लागले. एकसष्टच्या एकसष्ट गुळगुळीत. नमुन्यातली बाकीची, सुमारे साडेतीनशे, पिल्ले होती.

"ही पिल्लं जरा जास्त वाटतात, सर," मी म्हटले.

सरांनी भिंगातून पाहिले. "बारव नुकतीच उपसली म्हणालात ना? मग नव्या पाण्यात पिल्लंच असणार. त्यांच्याबद्दल काय म्हणणं आहे तुमचं?"

"माझं काहीच म्हणणं नाही. दिसली, एवढंच."

"मग तक्त्यात घेऊ नका. तक्ता जातींचा आहे."

मी घेतली नाहीत. तक्त्यात लिहिले: तपासलेल्या प्रौढ माद्या ६१, केसाळ ०. शेरा: केसाळ जात आढळली नाही. मी ते वाक्य दोनदा वाचले आणि त्यात एकही शब्द चुकीचा नाही याची खात्री करून घेतली. आजही तो कागद माझ्याजवळ आहे आणि आजही त्यात चुकीचा शब्द नाही.

नमुन्यातले थोडे जिवंत पाणी उरले होते. ते फेकण्याऐवजी मी एका बरणीत ओतून खिडकीत ठेवले. विद्यार्थ्यांना हालचाल दाखवायला उपयोगी पडते.

*

अहवालाची प्रत घेऊन मी पुन्हा लिंबदऱ्याला गेले तो यात्रेचा दिवस होता. मेसाईच्या देवळाचा रस्ता बारवेवरूनच जातो. बारवेच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय देवीपुढे जायचे नाही, अशी तिथली रीत. सकाळपासून आजूबाजूच्या गावांतली माणसे पायऱ्या उतरत होती, पाय बुडवत होती, ओले पाय आपटत वर येत होती.

रज्जाकभाईंनी अहवाल वाचला. मराठी मजकूर होता, तरी त्यांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे औषध टाकायचं नाही?"

"या खेपेला इथे नाही. दुसऱ्या गावांना द्या."

सुंदराबाई देवळाच्या ओट्याखाली नारळ घेऊन उभ्या होत्या. सून बरोबर होती. गोल चेहऱ्याची, घामेजलेली. आम्ही येताना दिसल्यावर सुंदराबाई पुढे झाल्या.

"बगितली जात?"

"बघितली. एकसष्ट माद्या तपासल्या. धोक्याच्या जातीची एकही निघाली नाही."

"म्हंजी प्यावं?"

"मी तपासलेल्या एकसष्टांत नाही, एवढं मी सांगू शकते."

"बाई, म्या हो का न्हाई इचारलंय."

त्यांच्या मागे विमल तळहाताने पोट सावरून उभी होती. दोन मैलांवरच्या पाण्याचा विषय आपल्यामुळे निघतो हे तिला आवडत नसावे. ती देवळाच्या कळसाकडे पाहत होती.

"बारव चांगली आहे, काकू," रज्जाकभाई म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. चुकले असेल तर दुरुस्त करा, असे त्या पाहण्यात होते.

मी पेनाचे टोपण लावत होते. ते लागले, तरी मी वर पाहिले नाही.

"बरं," सुंदराबाई म्हणाल्या.

उतरणीला लागण्याआधी मी बारवेत एकदा डोकावले. खालच्या पायरीवर एक माणूस बसला होता. बाहेरगावचा, रज्जाकभाईंनाही अनोळखी. डाव्या घोट्यावरची चिंधी त्याने सोडून बाजूला ठेवली होती आणि पाय नडगीपर्यंत पाण्यात सोडला होता. इतरांसारखा बुडवून काढला नाही. डोळे मिटून तो तसाच बसून राहिला, उन्हातून आलेला माणूस सावलीत बसतो तसा.

"नारू आहे," रज्जाकभाई म्हणाले. "उठवू का त्याला?"

"उठवा," मी म्हटले. "पण इथे गिळणारं कोणी नाही. घाबरायचं कारण नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून निघताना सुंदराबाई बारवेच्या पायऱ्या चढताना दिसल्या. दोन्ही घागरी भरलेल्या होत्या आणि दोन्हींतून पाणी निथळत होते. त्यांनी मला पाहिले आणि मान डोलावली.

*

यात्रेनंतर चौथ्या दिवशी विद्यार्थ्यांसाठी मी खिडकीतली बरणी खाली काढली. एक थेंब काचपट्टीवर घेतला. मादी मोठी होती, अंड्यांच्या दोन पिशव्या बाळगलेली. सवयीने काट्यांकडे पाहिले. आतल्या कडेला, फणीच्या दातांसारखी एकसारखी, केसांची रांग होती.

मी विद्यार्थ्यांना सुटी दिली. संध्याकाळपर्यंत बावीस माद्या पाहिल्या. एकोणीस केसाळ.

नंतर हे सगळे नीट जुळले. केसाळ जातीची पिल्ले दगडांच्या फटींतल्या गाळातही निजून राहतात. बारव उपसली तेव्हा मोठ्या माद्या पाण्याबरोबर गेल्या, फटींत रुतलेली पिल्ले मागे राहिली आणि नव्या पाण्यात जागी झाली. गुळगुळीत जात लवकर वाढते, म्हणून तिच्या माद्या आधी दिसल्या. मी नमुना घेतला त्या दिवशी ती वयात आलेली नव्हती. मी तक्त्यात घेतली नाहीत ती साडेतीनशे हीच. पण त्या संध्याकाळी हे जुळलेले नव्हते. त्या संध्याकाळी फक्त एक बरणी होती.

"बरणी कोणती घेतलीत?" गद्रे सरांनी विचारले.

"खालच्या फळीवरची."

"त्यात मागच्या महिन्यात काय होतं?"

"केसाळांची पैदास."

"धुतली कशाने?"

"नळाच्या पाण्याने."

"उकळली नव्हती."

"नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले नव्हते. "साबणे, एक अंडं काचेला चिकटून राहिलं असलं तरी ही बरणी भरते. यावरून तुम्ही लिंबदऱ्याबद्दल काय सांगू शकता?"

"काहीच नाही."

"दुसरा नमुना आणा. ताजा. नव्या बरणीत. मग लिहू."

ते बरोबर होते. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटले असते. जीप दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती, ती पंधरवड्याने परत येणार होती. खोलीवर जाऊन मी भिंतीवरचे कॅलेंडर काढून पलंगावर ठेवले. नारूची पिल्ले सायक्लॉप्सच्या पोटात तयार व्हायला चौदा दिवस. तो माणूस पाण्यात पाय सोडून बसला त्याला चार दिवस झाले होते. दहा शिल्लक. या दहा दिवसांत औषध पडले तर कोणालाही काहीही होणार नव्हते.

लिंबदऱ्याच्या फाट्यापर्यंत एसटी जायची. रोज सकाळी सहाला सुटायची. मला जाऊन एवढेच सांगायचे होते की कदाचित माझे चुकले असेल, तोवर पाणी गाळा. पण ‘कदाचित’ सांगायला आठ तास प्रवास करून जाणे मला तेव्हा अशास्त्रीय वाटले. पुरावा नसताना मी गाव घाबरवणार नव्हते. मी रज्जाकभाईंना पोस्टकार्डही टाकले नाही. रोज बरणीतल्या माद्या मोजत राहिले. त्या वाढत होत्या.

*

जीप ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा, यात्रेनंतर तेविसाव्या दिवशी मिळाली. जाळी पाण्यातून काढल्यावर सूक्ष्मदर्शकाची गरजही उरली नाही. इतक्या मोठ्या माद्या गुळगुळीत जातीत नसतातच. तरी मी तिथेच पायरीवर खिशातले भिंग लावून पाहिले. दुसऱ्या दिवशी औषध पडले. पाण्याला उग्र वास आला आणि आठ दिवस बायका रज्जाकभाईंना शिव्या देत होत्या.

आम्ही घरोघर गेलो. गेल्या दहा दिवसांत न गाळता पाणी कोण प्याले, याची यादी करायची होती. गाळण्यासाठी वाटलेली फडकी बहुतेक घरांत होती. एका घरी त्यात चक्का टांगलेला होता. "तुम्हीच चांगली म्हनला ना बारव?" असे मला कोणी रागाने विचारले नाही. साधे विचारले. यादी एक्केचाळीस नावांची झाली.

सुंदराबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. विमल दाराशी तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला पाहून उठून परसात गेली.

"चुकलं," मी म्हटले. "आधी दिसली नव्हती ती जात आता दिसली."

"रज्जाकभाऊ बोलला."

"तुम्ही प्यायलात?"

"प्याले."

"आणि विमल?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले, कड सुटायची वाट पाहिली.

"विमल प्यायली का, काकू?"

"न्हाई सांगत."

"यादी करायची आहे. नंतर लक्ष ठेवायला उपयोग होतो."

"लक्ष ठिवून काय करतासा? काढतासा का आतला आत?"

"नाही."

"मंग लिव्हा तुमच्या वहीत. इचारलं, सांगितलं न्हाई."

मी तसेच लिहिले.

*

पुढचे वर्ष रज्जाकभाईंच्या पोस्टकार्डांवर गेले. दर महिन्याला एक. पहिली ओळ नेहमी तीच: अद्याप कोणी नाही. श्रावणात दुसरी ओळ होती: सुंदराकाकूंना नात झाली, दोघी बऱ्या आहेत. माझ्या एका सहकाऱ्याला वाटले की हे चांगले चालले आहे, आता काळजी सोडा. मी त्याला सांगितले की आठव्या महिन्यात कोणालाही काहीही न होणे हे दोन्ही शक्यतांत सारखेच अपेक्षित आहे. मी जेवत होते, शिकवत होते, काचपट्ट्या करत होते. विमलची नडगी माझ्या डोळ्यांपुढे एखाद्या आकृतीसारखी यायची, नावे लिहिलेली: त्वचा, स्नायू, आणि दोन्हींमध्ये एक पांढरी रेघ, दर आठवड्याला थोडी लांब झालेली.

फाल्गुनात कार्ड आले. लिंबदऱ्यात सुरू झाले. चार जण. एक सुंदराकाकूंच्या घरी. कोण ते लिहिले नव्हते.

सकाळी सहाची एसटी पकडली.

दार विमलने उघडले. नात कडेवर होती. माझी नजर आधी तिच्या पायांकडे गेली आणि ते तिच्या लक्षात आले. पाय स्वच्छ होते.

सुंदराबाई आत घोंगडीवर पाय पसरून बसल्या होत्या. डाव्या घोट्यावर दोन जखमा, प्रत्येकीत आगकाडीला गुंडाळलेला पांढरा दोरा. उजवा गुडघा सुजून ताठ झालेला.

"या. आठवा न् नववा," त्या म्हणाल्या. "गुडघ्यात दहावा असंल. त्यो वर यायचं नाव घेत न्हाई."

मी खाली बसले. काडी हातात घेऊन जंत अर्धे पेर तिच्यावर गुंडाळला. विरोध जाणवला तिथे थांबले. त्यांनी दात आवळले.

"विमल?" मी विचारले.

"न्हाई प्याली."

"पण यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मी पाहिलं होतं. दोन्ही घागरी बारवेच्या होत्या."

"त्या माझ्या न् ढोराच्या. तिची खेप म्या नंतर केली, हापशावरनं. दोन खेपा जमत नव्हत्या बाई, एक जमत व्हती. ती तिची." त्यांनी पाय थोडा सरकवला. "म्हनलं, आधी म्या पिऊन बगते वरीसभर. माझ्या अंगातनं काय निघालं न्हाई तर मंग ती पील."

"वर्षभर?"

"नारूला वरीस लागतंय. तुमची परीक्षा चार दिवसांत कशी झाली, ते काय मला उमजलं न्हाई."

मी काडी चिकटपट्टीने घोट्याला नीट बसवली. तेवढे काम होते.

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? हापशावर जाऊन यायला दोन तास. मागं घरात बारवंची घागर भरलेली. ती प्याली का न्हाई, म्या बगितलंय व्हय?"

"तिला विचारलं नाहीत?"

"इचारलं. न्हाई म्हनली." त्यांनी दाराकडे पाहिले. विमल तिथे नव्हती. परसातून मुलीच्या कुरकुरीचा आवाज येत होता. "सासूला सून दुसरं काय म्हनंल? किती दिस गेल्यावर पक्कं म्हनायचं?"

"यात्रेपासून चौदा महिने. अजून अडीच तरी."

"मंग अडीच म्हैन्यांनी लिव्हा न्हाई म्हनून."

मी परसात गेले तेव्हा विमल मुलीला न्हाऊ घालत होती. पाणी गाळलेले होते. फडके दोरीवर वाळत होते.

"ताई," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी एकदा प्यायले होते."

"कधी?"

"आत्या हापशाला गेल्या होत्या. ऊन फार होतं. तांब्याभर."

"यात्रेनंतर किती दिवसांनी?"

"ध्यानात नाही."

"आठवून बघ. पंधरा दिवस झाले होते का? की आठच? त्यानं सगळं ठरतं, विमल. चौदा दिवसांच्या आत प्यायली असशील तर काही होणार नाही."

तिने मुलीच्या डोक्यावर हात धरला, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून. खरोखर आठवण्याचा प्रयत्न करत होती. "ऊन होतं," ती पुन्हा म्हणाली. "एवढंच ध्यानात आहे. आत्यांना सांगू नका. माझ्यापायी त्यांनी..."

"सांगणार नाही."

विभागात रजा कळवून मी लिंबदऱ्यात राहिले, रज्जाकभाईंच्या दवाखान्याच्या खोलीत. यादीतल्या एक्केचाळिसांपैकी नऊ जणांना निघाले. रोज सकाळी आठ घरे करायची, काड्या गुंडाळायच्या, पट्ट्या बदलायच्या. सुंदराबाईंचे नववे घर शेवटी. सुंदराबाईंचे दोन्ही जंत चैत्र संपताना पूर्ण निघाले. गुडघ्यातला आतच मेला आणि गुडघा कायमचा धरला. त्या काठीने भिंतीपर्यंत जाऊ लागल्या. हापशाची खेप विमल करत होती. पट्टी झाली की मी परसात जायचे, विमल मुकाट्याने साडी घोट्यापर्यंत उचलायची, आधी उजवा, मग डावा, आणि मी मान हलवायचे. मग दोघी काही बोलायचो: पोरीचे दात, आईचे पत्र. ती हळूहळू हसायला लागली होती. अडीच महिन्यांतले पन्नास दिवस संपले होते आणि मी, ज्यावर माझा विश्वास नव्हता अशी गोष्ट करत होते: उरलेले दिवस बोटांवर मोजत होते.

बावन्नाव्या दिवशी तिने उजवा पाय दाखवलाच नाही. सरळ डावा पुढे केला. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, हरभऱ्याएवढा फोड होता. भोवतीची कातडी लाल आणि गरम.

घरातून काठीचा आवाज आला, भिंतीपाशी थांबला. विमलने साडी खाली सोडली.

"आत्यांना अजून दिसला नाही," ती म्हणाली.